हिरवी सागरी गोगलगाय खरंच उन्हावर जगते का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिनं मोबाइलवर पाहिलं की प्रवाळांच्या समुद्रात पानासारखी दिसणारी एक गोगलगाय असते. ती जन्मात एकदाच शेवाळ खाते आणि मग झाडासारखी नुसत्या उन्हावर जगते. शेवाळाची जनुकंही तिनं पळवलेली असतात म्हणे. हे कितपत खरं, असं तिला विचारायचं आहे. शहरातला एक मत्स्यालयवाला असा प्राणी मागवून देतो म्हणाला आहे. तो घरी ठेवावा का, आणि विज्ञान प्रदर्शनात या विषयावर काही करता येईल का, हेही तिनं विचारलं आहे.

ताई, मी गेली २६ वर्षं बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि त्यातल्या बऱ्याच हिवाळी सुट्ट्या विद्यार्थ्यांबरोबर जामनगरच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात काढल्या आहेत. हा प्राणी मला फार जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबेल. घाई असेल तर एवढं वाचा: गोगलगाय खरी, शेवाळातली हिरवी यंत्रं ती चोरते हे खरं, चोरलेल्या मालातून तिच्या अंगात उन्हात साखर तयार होते हेही खरं. एकदाच खाऊन जन्मभर जगणं ही वाढवलेली गोष्ट आहे. जनुकांची चोरी तपासाअंती टिकली नाही. आणि घरी आणू नका.

आता सविस्तर. त्या व्हिडिओंमध्ये तीन-चार वेगवेगळे प्राणी एकाच नावाखाली दाखवतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मेंढीसारख्या गोऱ्या तोंडाची, पाठीवर हिरव्या पाकळ्या असलेली जी चिमुकली दिसते ती कोस्टासिएला कुरोशिमी. जपानच्या दक्षिणेकडच्या कुरोशिमा बेटावरून तिचं नाव पडलं, १९९३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि ती जेमतेम सेंटिमीटरभरसुद्धा नसते. नऊ-दहा महिने न खाता राहिल्याची जी कथा सांगतात ती तिची नाहीच. ती एलिसिया क्लोरोटिकाची, आणि हा प्राणी प्रवाळांत राहत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कॉशियापासून फ्लोरिडापर्यंत, खाडीकाठच्या चिखलट खाजणांत तो सापडतो. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांमध्ये राहणाऱ्या त्याच्या बहिणी वेगळ्या: कॅरिबियनमधली एलिसिया क्रिस्पाटा, जिला सॅलडच्या पानांसारख्या झालरी असतात, आणि हिंदी व प्रशांत महासागरांत सापडणारी प्लाकोब्रँकस ओसेलाटस.

याशिवाय एक पूर्णपणे निराळा प्राणी आहे, फायलोडेस्मियम लाँगिसिरम. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर आणि इंडोनेशियाकडच्या समुद्रात तो मिळतो. वाढून १४ सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे गोगलगायींच्या मानानं चांगलाच दांडगा. अंगावर वल्ह्याच्या पात्यासारख्या चपट्या पाकळ्या आणि त्यांवर तपकिरी वलयं. याचं सूर्यप्रकाशाशी नातं एलिसियापेक्षा वेगळं आहे आणि तो फरक मुलीला नीट समजला तर अर्धा विषय समजला असं मी म्हणेन.

फायलोडेस्मियम मऊ प्रवाळ खातो. त्या प्रवाळाच्या मांसात आधीपासूनच झूझँथेली नावाचं एकपेशीय तपकिरी शेवाळ राहत असतं. प्रवाळांचं बरंचसं जगणं त्याच्यावरच चालतं, आणि समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात ते हे शेवाळ सोडून गेल्यामुळे. फायलोडेस्मियम प्रवाळाचं मांस पचवतो, पण शेवाळाच्या पेशी जिवंत ठेवतो आणि पाठीवरच्या पाकळ्यांत नेऊन बसवतो. तिथं त्या प्रकाशात साखर बनवतात, त्यातली काही यजमानाला देतात, शिवाय स्वतःची संख्याही वाढवतात. हे भाडेकरू ठेवण्यासारखं आहे. भाडेकरू अख्खा आहे, त्याचं केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार पाहणारा गाभा, त्याच्याजवळ आहे, मोडलेलं त्याचं तो दुरुस्त करतो.

एलिसिया भाडेकरू ठेवत नाही. ती शेवाळाची पेशी फोडते, पेशी मरते, आणि तिच्या आतली फक्त हिरवी यंत्रं, म्हणजे हरितलवकं, ती स्वतःच्या पेशींत ठेवून घेते. घरमालक मेला, घर पडलं, तरी छपरावरची सोलर पॅनेल दुसऱ्याच्या छपरावर चालू! म्हणूनच जीवशास्त्रात एलिसियाचं एवढं अप्रूप आहे, आणि यापुढे मी तिच्याबद्दलच बोलणार आहे.

ओहोटीला पाणी उतरलं की ती हिरव्या शेवाळाच्या झुबक्यात बसलेली असते आणि दहा वेळा नजर फिरली तरी दिसत नाही. दिसते ती हालली की. बोटाच्या पेराएवढी लांबी, डोक्यावर सुरळीसारखी दोन शिंगं, अंगाच्या दोन्ही कडांना पातळ पदर. पदर पाठीवर मिटले की विडा, उघडले की पान. भिंगाखाली धरली तर त्या पदरांत झाडाच्या पानासारख्या शिरा दिसतात, आणि शिरा हिरव्या असतात.

त्या शिरा म्हणजे तिचं पोट. आपल्यासारखी एकच नळी नाही. पचनग्रंथीच्या बारीक फांद्या अंगभर, पदरांच्या पार कडेपर्यंत पसरलेल्या असतात. बागेतली गोगलगाय जिभेवरच्या दातांच्या कानशीनं पान खरवडते. एलिसियाच्या कानशीवर दातांची एकच रांग असते आणि एका वेळी कामाला एकच दात. तो ती शेवाळात खुपसते आणि आतला रस ओढते, आपण शहाळ्याला भोक पाडून पाणी पितो तसा. झिजलेला दात टाकून दिला जात नाही. तोंडाखालच्या एका छोट्या पिशवीत असे दात जमा होतात. या गटाचं नाव सॅकोग्लोसा, म्हणजे पिशवी असलेली जीभ, ते त्यावरूनच आलं.

ती कुठलंही शेवाळ खात नाही, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे. कौलर्पा, ब्रायोप्सिस, कोडियम ही हिरवी शेवाळं बघा. झाडाच्या पानात लाखो पेशी असतात आणि प्रत्येक पेशीला स्वतंत्र भिंत. या शेवाळांत आडव्या भिंतीच नसतात. वीतभर वाढलेलं शेवाळ म्हणजे एकच लांब नळी, आणि तिच्यात असंख्य केंद्रकं आणि असंख्य हरितलवकं तरंगत असतात. एकदा टोचलं की भरपूर रस हाती लागतो. भिंत भेदायला कुणाचा दात पात्यासारखा, कुणाचा आणखी निराळ्या घडणीचा. शेवाळ बदललं तर दात निकामी. म्हणून अनेक जातींचा संसार एक-दोन शेवाळांवरच चालतो. ते शेवाळ किनाऱ्यावरून गेलं की गोगलगायही गेली. हा मुद्दा पुढे टाकीच्या वेळी लागेल, लक्षात ठेवा.

ओढलेल्या रसातला बाकीचा ऐवज पचतो. हरितलवकं मात्र त्या फांद्यांच्या पेशी गिळून आत ठेवतात. किती दिवस, हे जातीवर अवलंबून. काही जाती लगेच पचवून टाकतात, काहींच्या अंगात ती आठवडाभर चालतात, क्रिस्पाटा आणि प्लाकोब्रँकस यांच्यात काही महिने, आणि क्लोरोटिकात नऊ-दहा महिने. क्लोरोटिकाचं सगळं आयुष्यच साधारण तेवढं असतं. वसंतात अंडी घालून प्रौढ मरून जातात. 'जन्मभर' हा शब्द इथून आला, आणि तो ऐकताना जन्म किती लांबीचा हे कोणी सांगत नाही.

हिरवा रंग वारशानं मिळत नाही. अंड्यातून निघणारं पिल्लू पाण्यात तरंगणारं, हरितलवकाचा कणही नसलेलं असतं. क्लोरोटिकाचं पिल्लू वौचेरिया नावाच्या शेवाळाजवळ पोहोचल्यावरच बालगोगलगायीचं रूप घेतं. तेव्हा ते तपकिरी असतं, अंगावर लालसर ठिपके. शेवाळ प्यायला लागलं की हिरवं होतं. म्हणजे आई कितीही हिरवी असो, प्रत्येक लेकराला चोरी नव्यानं करावी लागते.

या हिरव्या कणांचं खरं स्वरूप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे कळलं. १९६५ मध्ये जपानमधल्या कावागुती आणि यामासू यांनी एलिसियाच्या पेशींतले कण म्हणजे शेवाळाची हरितलवकंच आहेत हे दाखवलं. मग १९६९ पासून बेलीझमध्ये जन्मलेले रॉबर्ट ट्रेंच यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून त्याचा माग काढला. प्रकाशात तो कार्बन गोगलगायीच्या अंगात जातो, आणि ती सरपटताना जो चिकट स्राव मागे सोडते त्यातसुद्धा सापडतो. हे वाचलं तेव्हा मी एम. एस्सी.ला होतो. उन्हानं बनवलेल्या साखरेची वाट तिच्या पावलाखाली उमटते ही गोष्ट मी अजूनही दरवर्षी वर्गात सांगतो.

पण साखर बनणं आणि त्या साखरेवर पोट भरणं या दोन गोष्टी वेगळ्या. व्हिडिओ इथंच घसरतो, आणि कबूल करतो, मीही इथंच घसरलो होतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत द्वारकेच्या बाजूच्या एका खडकाळ किनाऱ्यावरून, संरक्षित भागाच्या बाहेरून, मी चार एलिसिया आणल्या होत्या. बडोद्यात खाऱ्या पाण्याच्या भांड्यात, खिडकीच्या उजेडात ठेवल्या. त्या उजेडावर जगतील असं मी मुलांना ठामपणे सांगितलं होतं, म्हणून शेवाळ दिलंच नाही. त्या लगेच मेल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला माझं म्हणणं खरं वाटत राहिलं. तीन आठवड्यांनी मोजपट्टी धरली तेव्हा दोन सेंटिमीटरची गोगलगाय एक सेंटिमीटरवर आली होती. रंग पिवळट झाला होता. महिना संपायच्या आत चारही गेल्या. त्या उन्हावर जगत नव्हत्या, स्वतःचं शरीर खात होत्या. ती चूक मला आजही टोचते, आणि टाकीचा विषय निघाला की मी कडक बोलतो ते त्यामुळेच.

नंतर हेच नीट, शास्त्रशुद्धपणे तपासलं गेलं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एलिसिया टिमिडा आणि प्लाकोब्रँकस यांना उपाशी ठेवून तीन गट केले: काही उजेडात, काही पूर्ण अंधारात, काही उजेडात पण प्रकाशसंश्लेषण बंद पाडणारं रसायन देऊन. अंधारातल्याही अनेक आठवडे जगल्या, आणि वजन साऱ्यांचंच घटत गेलं. उजेडातल्यांनी कार्बन पकडला हे मोजून दिसलं, पण जगण्यासाठी तो अत्यावश्यक होता असं दिसलं नाही. मग हरितलवकं ठेवायचीच कशाला? दुसऱ्या बाजूचेही चांगले पुरावे आहेत. २०२१ मध्ये पोर्तुगालमधल्या एका गटानं दाखवलं की उजेडात पकडलेला कार्बन अंडी तयार करणाऱ्या अवयवांपर्यंत पोहोचतो, आणि पुरेसा उजेड मिळालेल्या गोगलगायी जास्त अंडी घालतात. म्हणजे उन्हाची कमाई आहे. ती रोजच्या जेवणाची जागा घेत नाही, वरकमाईसारखी कामाला येते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी हरितलवकांना कोठी म्हणेन. पावसाळ्याआधी आपल्या आज्या धान्य भरून ठेवायच्या तशी. चांगल्या दिवसांत कोठी थोडं उत्पन्न देते, वाईट दिवसांत कोठीच खायची. २०२५ मध्ये हार्वर्डच्या गटानं क्रिस्पाटावर केलेलं काम या कल्पनेच्या फार जवळ जातं. त्यांना आढळलं की गोगलगायीची पेशी चोरलेलं हरितलवक एका स्वतंत्र आवरणात, स्वतःच्या पटलात गुंडाळून ठेवते. या कप्प्याला त्यांनी क्लेप्टोसोम म्हटलं. आतलं रसायन हरितलवकाला मानवेल असं राखलं जातं. उपासमार झाली की हाच कप्पा पचनाच्या बाजूला वळतो आणि हरितलवकं विरघळवली जातात. तेव्हा हिरवी गोगलगाय पानगळीतल्या पानासारखी नारिंगी होते. माझ्या भांड्यातल्या त्या चौघींचा पिवळटपणा मला तेव्हा पहिल्यांदा उलगडला.

आता जनुकांचा प्रश्न. तो मुळात का उठला, हे मुलीला सांगण्यासारखं आहे. हरितलवकाला स्वतःचं थोडं डीएनए असतं, पण त्याला लागणारी बहुसंख्य प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. उन्हानं हरितलवकाचे भाग सतत बिघडत असतात. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी१ नावाचं प्रथिन तर सारखं काढून नवं बसवावं लागतं. शेवाळाचं केंद्रक तर गोगलगायीनं पचवून टाकलं. मग सुटे भाग पुरवतं कोण? २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं क्लोरोटिकात शेवाळाचं एक केंद्रकीय जनुक सापडल्याचं प्रसिद्ध केलं आणि जगभर गाजावाजा झाला. प्राण्यानं वनस्पतीचं जनुक आपलंसं केलं, अशी ती बातमी होती. २०१३ मध्ये संशोधकांनी क्लोरोटिकाच्या अंड्यांचं डीएनए वाचलं. अंडीच का? कारण अंड्यात हरितलवक नसतं, त्यामुळे शेवाळाच्या डीएनएची भेसळ होत नाही. त्यात शेवाळाची जनुकं मिळाली नाहीत. २०२१ मध्ये प्लाकोब्रँकसचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, त्यातही नाहीत. ही उलटतपासणी मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. अंडं निवडण्याची ती युक्ती मुलीनं आपल्या वहीत जरूर लिहून ठेवावी.

मग हरितलवकं टिकतात कशी? काही अंशी ती मुळातच चिवट जातीची. वौचेरियाच्या हरितलवकानं दुरुस्तीच्या कामी येणारी काही जनुकं स्वतःजवळच ठेवलेली आहेत, जी जमिनीवरच्या झाडांत केंद्रकाकडे गेलेली असतात. काही अंशी गोगलगायीची निगा. वर सांगितलेला कप्पा आहेच, शिवाय तिची वागणूक पाहा. एलिसिया टिमिडा मध्यम उजेडात पदर उघडते आणि ऊन तापलं की मिटून घेते. मे महिन्यात आपण बडोद्यात अकरा वाजताच खिडक्यांचे पडदे ओढतो, तसंच.

पुढचा प्रश्न मुलगी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. माणसाच्या कातडीत हरितलवकं घातली तर? हिशेब सोपा आहे आणि आपल्याकडे आता घरोघरी छपरावर पॅनेल असल्यानं युनिटमध्येच करू. गुजरातेत एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ६ युनिट ऊन पडतं. माणसाच्या कातडीतला उन्हाकडे असलेला भाग पाऊण-एक चौरस मीटर धरा, म्हणजे ५ युनिट. प्रकाशसंश्लेषणात त्यातला दीड टक्का साखरेत उतरला तरी चांगलं म्हणायचं. हाती येते सुमारे ०.०७ युनिट, म्हणजे ६० किलोकॅलरी. एक पोळीसुद्धा पुरी होत नाही, आणि दिवसाला लागतात दोन हजार. गोगलगायीला ते परवडतं कारण ती पानासारखी चपटी आहे, थंड रक्ताची आहे आणि तिला धावाधाव नाही.

एक गोष्ट विषयाला सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ मध्ये जपानच्या नारा महिला विद्यापीठातल्या सायाका मितोह आणि योइची युसा यांनी दाखवलं की एलिसियाच्या दोन जाती स्वतःचं डोकं धडापासून वेगळं करतात. हृदयासकट धड मागे राहतं. डोकं सरपटत जातं, काही तासांत शेवाळ खायला लागतं आणि साधारण तीन आठवड्यांत त्याला नवं धड, नवं हृदय येतं. धड काही दिवस, कधी काही महिने हालत राहतं, पण त्याला नवं डोकं फुटत नाही. पोटच नसलेलं डोकं तेवढे दिवस तग धरतं, त्यात डोक्यातल्या हरितलवकांचा हात असावा असा संशोधकांचा अंदाज आहे.

आता टाकी. ताई, मत्स्यालयवाल्याचा हेतू वाईट नसेल. परदेशात क्रिस्पाटा अशाच विकल्या जातात, टाकीतलं नको असलेलं ब्रायोप्सिस खाऊन टाकावं म्हणून. अडचण अशी की टाकीतलं शेवाळ संपलं की तिचं अन्न संपतं, आणि विकणारा सांगतो की ती उन्हावर जगेल. मग माझ्याकडे जे झालं तेच होतं. महिना-दोन महिने ती आक्रसत जाते आणि घरातली माणसं कौतुकानं म्हणतात, बघा, काही न खाता जगतेय. पंपाच्या तोंडात ओढली जाणं, उन्हाळ्यात पाणी तापणं, हे वेगळंच. आणि ती कुठून धरून आणली, हे विकणाराही खात्रीनं सांगू शकत नाही. खाऱ्या पाण्याची टाकी आधीच असेल आणि मुलीची हौसच असेल, तर तिला कौलर्पा वाढवायला लावा. वर्षभर ते नीट वाढवता आलं, तर प्राणी ठेवण्याचं पुढे बोलू.

बघायचीच असेल तर समुद्रावर चला. आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात, पण तिथं या प्राण्याचं काही चालत नाही. मही आणि नर्मदेचा गाळ, प्रचंड भरती-ओहोटी, पाणी चहासारखं गढूळ. ऊन खाली पोहोचतच नाही. आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो सांगाडा आहे, तो १९४४ मध्ये महीच्या मुखाशी डबका गावाजवळ किनाऱ्याला लागलेला. मुलांना समुद्र म्हटलं की तोच आठवतो. प्रवाळ आणि हिरवी शेवाळं हवी असतील तर कच्छच्या आखातात जावं लागतं. जामनगरजवळचं मरीन नॅशनल पार्क १९८२ मध्ये झालं, देशातलं पहिलं. आम्ही सौराष्ट्र मेल अपरात्री बडोद्यात पकडतो आणि सकाळी जामनगरला उतरतो. वनखात्याची परवानगी काढून नरारा किंवा पिरोटनला जायचं, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, भरतीचं वेळापत्रक पाहून. आखाताच्या आतल्या टोकाला, नवलखीकडे, भरती आणि ओहोटीत ७ मीटरच्या आसपास फरक पडतो. नराऱ्यालाही समुद्र लांबवर मागे हटतो आणि तुम्ही प्रवाळांमधून पायी चालता. जुने बूट घालायचे, प्रवाळावर पाय द्यायचा नाही, दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, आणि काहीही उचलून आणायचं नाही. एका हिरव्या झुबक्यासमोर उकिडवं बसून दहा मिनिटं हलायचं नाही. धावपळ करणाऱ्या मुलांना खेकडे आणि ऑक्टोपस दिसतात. एलिसिया बसून राहणाऱ्यालाच दिसते.

बडोद्याचा आणि या प्राण्यांचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचा मुलूख होता. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०५-०६ मध्ये, तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करायला सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांना बोलावलं गेलं. बडोदे सरकारला सादर झालेला तो अहवाल १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत छापला गेला. त्यातला बिनकवचाच्या सागरी गोगलगायींवरचा भाग सर चार्ल्स इलियट यांनी लिहिला, तेच जे पुढे टोकियोला ब्रिटनचे राजदूत झाले. समुद्रापासून इतक्या लांबच्या आपल्या शहराच्या दप्तरात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या गोगलगायींची नोंद झाली आहे. आमच्या मुलांना हे सांगितलं की त्यांच्या चालण्यात फरक पडतो, हे मी पाहिलं आहे.

राहिला प्रदर्शनाचा प्रश्न. गोगलगायीशिवायही हा विषय मांडता येतो, आणि माझ्या मते तसाच मांडावा. मुलीला दाखवायचं आहे ते एकच: पेशीबाहेर काढलेलं हरितलवक किती लवकर मरतं.

खंडेराव मार्केटमधून ताजा पालक आणा, देठं काढून टाका, पानं तासभर फ्रिजमध्ये ठेवा. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १४ ग्रॅम साखर विरघळवा. त्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं पीएच ७ चं थोडं फॉस्फेट बफर (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारं मिश्रण) घाला. हे द्रावण बर्फात गार करा. साखर एवढ्याचसाठी की साध्या पाण्यात हरितलवकं फुगून फुटतात. पानं गार खलबत्त्यात या द्रावणाबरोबर हलकेच वाटा. मिक्सर नको, तो गरम होतो. दुहेरी मलमलीतून गाळून घ्या आणि भांडं बर्फातच असू द्या.

आता डीसीपीआयपी नावाचा निळा रंग लागेल, तो रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडे मिळतो. तीन परीक्षानळ्या घ्या. तिन्हींत हिरवा गाळ आणि रंगाचे काही थेंब. एक उजेडात, दुसरी अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, तिसरीत आधी उकळलेला गाळ घालून उजेडात. हरितलवकं काम करत असतील तर पहिल्या नळीतला निळा रंग काही मिनिटांत उडतो आणि नुसता हिरवा उरतो. बाकी दोन निळसरच राहतात. रंग उडायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून लिहायचं. मग तोच गाळ बर्फात ठेवून दर तासाला थोडा काढून पुन्हा मोजायचं. वेळ वाढत जाते, आणि एका टप्प्याला रंग उडेनासा होतो. गाळाचा थोडा भाग खोलीतच, बर्फाशिवाय ठेवून तीच मोजणी समांतर केली तर तो टप्पा कितीतरी लवकर आलेला दिसेल.

पाच-सहा वेळा करून सरासरी काढा, एकदाच करून थांबू नका. पोस्टरच्या डाव्या बाजूला तिच्या स्वतःच्या हातचा आकडा तासांत लिहायचा. उजव्या बाजूला एलिसियाचं चित्र, विड्यासारखे मिटलेले पदर, आणि खाली क्लोरोटिकाचे नऊ महिने. रंग मिळाला नाही तर कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे या, एक छोटी बाटली देतो.